मनातली वजाबाकी

भिंतीवर दोन रेषा होत्या, आणि खोलीतले सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

खालची रेषा आमच्या ओळखीची. धरणाच्या पोटात एक बोगदा आहे. तिथे पाझराचे पाणी एका त्रिकोणी खाचेवरून वाहते, त्या पाण्याची उंची रोज सकाळ-संध्याकाळ मोजली जाते, आणि त्या उंचीची ही रेषा तीस वर्षे याच भिंतीवर दिसत आली होती. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी: जराशी वर, जराशी खाली. वरची, त्याच पाण्याच्या प्रवाहाची रेषा मात्र आज पहिल्यांदा उजेडात आली होती. ती बरीच वर्षे खालच्या रेषेच्या सोबतीने चालली, आणि मग तिने मान वर केली ती केलीच.

प्रोजेक्टर घरघरत होता. मुख्य अभियंत्यांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. आरेखनाच्या टेबलापाशी अर्धा जन्म उभ्याने काढलेल्या मावशी चष्मा पुसत होत्या. तो स्वच्छच होता. दाराशी वाचनांची वही छातीशी धरून पट्टीकाका उभे होते. त्यांच्यासाठी खुर्ची असे, पण बैठकीत ते कधी बसले नाहीत.

पट्टीकाका म्हणजे माझे वडील. बोगद्यातली मोजपट्टी वाचणे हे त्यांचे काम, म्हणून सगळे त्यांना पट्टीकाका म्हणतात. ऑफिसात मीही तेच म्हणते. बाबा ते घरी.

"हे दुप्पट कुठून आलं?" अखेर साहेबांनी विचारले.

"उंचीतूनच आलं, सर," मी म्हणाले.

"उंची दहाची तेरा झालीय. सहा वर्षांत तीन सेंटिमीटर. तेवढ्यावर तुम्ही धरण फोडायला निघालात?"

"खाच त्रिकोणी आहे. पाणी चढतं तसं ते रुंद होतं आणि पळतंही जास्त. म्हणून प्रवाह उंचीच्या अडीच घातानं वाढतो. दहाला सेकंदाला सव्वाचार लिटरच्या थोडा वर होता. तेराला तो सव्वाआठच्या वर जातो."

"आणि इतकी वर्षं हे कोणाला दिसलं नाही?"

"मला उंचीची रेघ मागितली, मी उंचीची रेघ दिली," मावशी चष्म्याला उद्देशून म्हणाल्या. "अडीच घात मागितला असता तर तोही दिला असता. मागितला का कोणी?"

आलेख काढणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमला ऑफिसात रेघाड्या म्हणत. पुढ्यात आकडे टाका, तो सुबक रेषा काढून हात जोडून उभा. त्याने कधी बेरीज केली नाही, वजाबाकी केली नाही, शंका तर नाहीच नाही. गेले आठ महिने मी त्याला गणित शिकवत होते. साहेबांचे म्हणणे असे की रेषा काढणाऱ्याने गणितात नाक खुपसू नये. वाढप्याने चव घेत बसू नये, तसे. मावशींचे म्हणणे असे की चव न घेता वाढणाऱ्याच्या पंगतीला जावे तरी कोणी. मी दोघांचेही ऐकून घेतले आणि काम चालू ठेवले.

त्या कामात मी एकच गोष्ट हट्टाने पाळली होती. मूळ आकड्यांच्या स्तंभाला कुलूप. बोगद्यातून आलेला आकडा आला तसाच राहील. त्यातून काही वजा करायचे असेल, त्याचा घात काढायचा असेल, आजच्यातून कालचा काढून फरक पाहायचा असेल, तर शेजारी नवा स्तंभ उभा राहील, आणि रेषेच्या खाली साध्या वाक्यात छापून येईल: काय केले, कोणी केले, कोणत्या तारखेपासून. गणिताला माझी हरकत नव्हती. गुपचूप केलेल्या गणिताला होती.

आज मंगळवार होता. गुरुवारी साहेबांना सही करायची होती: जलाशय यंदा शेवटचे दोन मीटर भरायचा की नाही. पाझर वाढलेला नसेल तर भरायचा. वाढला असेल तर दोन मीटरांचे ते जादा ओझे पायावर टाकायचे नाही. कारण धरणाच्या खाली नदी आहे, नदीच्या दोन्ही अंगांना घरे आहेत, आणि त्यांतले एक घर आमचे आहे.

"थांबा," साहेब एकाएकी सरळ बसले. "सहा वर्षांपूर्वी आपण ग्राउटिंग केलं. पायातल्या भेगांत सिमेंटचा रस दाबून भरला. त्या गडबडीत जुनी मोजपट्टी तुटली, नवी बसवली, ती तीन सेंटिमीटर खाली बसली. कागद आहे माझ्याकडे. म्हणजे नवी पट्टी खऱ्यापेक्षा तीन जास्त दाखवते. ते तीन वजा केलेत?"

मला तो कागद ठाऊक नव्हता. "नाही, सर."

"मग करा. तुमचा रेघाड्या आता शिकलाय ना?"

मी तिथेच नियम लिहिला: नव्या पट्टीच्या तारखेपासून प्रत्येक उंचीतून तीन वजा. भिंतीवरची वरची रेषा थरारली आणि नव्याने उमटली. सहा वर्षांपूर्वीच्या त्या तारखेला ती एका पायरीने खाली उतरली, मग हळूहळू चढत आजच्या दिवशी बरोबर जुन्या जागी येऊन टेकली. सव्वाचारच्या आसपास.

खोलीने श्वास सोडला.

"बघा. ग्राउटिंगनं पाझर घटला, मग कालांतरानं पूर्वीइतका झाला. पूर्वीपेक्षा थेंबभर जास्त नाही." साहेबांच्या आवाजात एक जुना अभिमान होता, ते ग्राउटिंग त्यांनी स्वतः उभे राहून करून घेतले होते. मग ते दाराकडे वळले. "काका, वहीत तुम्ही जे दिसतं तेच लिहिता ना?"

"नियम तसाच आहे, साहेब," बाबा म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. कुणाच्या लक्षात आले नाही की साहेबांनी नियम विचारलाच नव्हता.

*

दुपारी मी माझ्या टेबलाशी ती पायरी मोठी करून पाहत बसले. एखाद्या घरात रोज वावरूनही एक पायरी अनोळखी लागावी आणि पाऊल अडखळावे, तसे मन तिच्यापाशी अडखळत होते. मी आणखी एक स्तंभ मांडला: आजच्यातून कालची उंची वजा. दिवसागणिक फरक. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताला अजून शाईचा वास येतो. की मला येतो असे वाटते, कुणास ठाऊक.

"ग्राउटिंग किती दिवस चाललं होतं, मावशी?"

"एकोणीस. मला आठवतं, कारण एकोणीस दिवस या इमारतीत कोणी धड चहा प्यायलं नाही. सगळ्या कपांत सिमेंट."

"एकोणीस दिवसांत फरक बघा. शून्य पूर्णांक एक, वजा शून्य पूर्णांक एक, शून्य, शून्य. काहीच नाही. आणि पट्टी बदलली त्या सकाळी?"

मावशींनी चष्मा नाकावर खाली ओढला. "वजा तीन."

"नेमके तीन. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शून्याच्या आसपास."

"शिंप्यानं कात्री मारल्यासारखं."

"पाणी असं वागत नाही. भेगा बुजल्या तर पाझर एकोणीस दिवस थोडा थोडा उतरेल. तो एका सकाळी पूर्णांकात उतरणार नाही. पाण्याला पूर्णांक कळत नाहीत."

"मग हा उतार पाण्याचा नाही. तुझ्या नियमाचा आहे."

"हो. आता नियम काढून बघते." काढला. मूळ आकड्यांत त्या तारखेला काहीच घडलेले नव्हते. आदल्या दिवशी दहा, त्या दिवशीही दहा. रेषा त्या तारखेवरून अशी निघून गेली होती की जणू पट्टी बदललीच नव्हती. "पण पट्टी तर खरंच तीन जास्त दाखवते. कागद आहे. मग त्या सकाळी वहीत दहाचे तेरा व्हायला हवे होते, मावशी. झाले का नाहीत?"

मावशींनी पडद्यावरच्या रेषेवरून बोट फिरवले. रेघाड्या येण्याआधी वर्षानुवर्षे त्यांनी ती रेषा हाताने ओढली होती. तिचे प्रत्येक वळण त्यांच्या मनगटात होते.

"कारण ते तीन कोणीतरी आधीच काढलेत," त्या हळूच म्हणाल्या. आणि कोणी, हे न बोलता, "चहा घेतेस?" एवढेच विचारून निघून गेल्या.

कोणीतरी. वहीत एकच हस्ताक्षर होते.

तसे असेल तर वहीतले आकडे आधीच दुरुस्त होते, आणि मी आज सगळ्यांसमोर त्यांतून पुन्हा तीन वजा केले होते. तसे असेल तर पाझर खरोखरच दुप्पट झाला होता, आणि माझ्या प्रोग्रॅमने, माझ्या हाताने, तो भिंतीवर झाकून दाखवला होता.

*

घरी विचारीन असे ठरवून मी निघाले. घरी पोचल्यावर आधी हातपाय धुतले. बाबा खिडकीपाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते. रोज संध्याकाळी एक पेन्सिल, टोक सुईसारखे, सकाळच्या आकड्यासाठी.

"किती वाजले हो?" आतून आईने विचारले.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. "सात."

मी सहज वर पाहिले. घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली होती.

आमच्या घरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. भिंत निळी आहे हे जसे ठाऊक असते तसे. ज्ञान म्हणून नव्हे, सवय म्हणून. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा ज्ञान झाले.

"बाबा, घड्याळात सात दहा झालेत."

"झालेत की."

"मग सात का म्हणालात?"

"सात वाजले म्हणून."

आई हात पुसत बाहेर आली. "यांना दिसतं ते कधी सांगता आलंय का? सकाळच्या वाचनाला उशीर नको म्हणून मी घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. यांनी दुसऱ्या दिवसापासून मनातल्या मनात दहा मिनिटं मागे केलं. वीस वर्षं झाली. मी पुढे ओढतेय, हे मागे ओढतायत, आणि घड्याळ बिचारं मधल्या मधे."

"वेळेवर पोचतो की नाही?" बाबा म्हणाले.

"पोचता. म्हणून तर राग येतो."

"आणि तो वजनकाटा?" मी विचारले. माझा आवाज मलाच परका वाटला. "स्वैपाकघरातला. तो पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो ना?"

"पंचावन्न," बाबा म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचा पेन्सिलीवरचा हात थांबला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे. आईने आम्हा दोघांकडे. मग बाबांनी टोकावरची धूळ फुंकली, पेन्सिल खिशाला लावली आणि उठून आत गेले. काही माणसे वाकडी वस्तू सरळ करत नाहीत. ती स्वतः तेवढी वाकतात, आणि आयुष्यभर नजर सरळ ठेवतात.

*

बुधवारी सकाळी सातला पाच कमी असताना मी बोगद्याच्या एकशे चौदा पायऱ्या उतरले. बाबा खाली होते. भिंती ओलसर, दिवे पिवळे, आणि पाण्याचा एकसुरी आवाज, जो काही वेळाने आवाज वाटेनासा होतो.

"तू इथं कशाला?" ते म्हणाले. नवल मात्र त्यांच्या स्वरात नव्हते.

"बघायला."

"बघ. बघायला बंदी नाही."

त्यांनी घडी घातलेले गोणपाट खाली टाकले, एक गुडघा त्यावर टेकला, मान तिरपी करत करत डोळा पाण्याच्या रेषेत आणला. मग श्वास रोखला. श्वासाने पाणी हलते, म्हणून. तीस वर्षे, दिवसातून दोनदा, या माणसाने पाण्यासाठी श्वास रोखला आहे. मी त्यांच्या शेजारी वाकले. पट्टीवरचे अंक स्वच्छ होते. पाणी सोळावर होते.

बाबांनी वही मांडीवर घेतली, आणि सुईसारख्या टोकाने लिहिले: १३.०.

"सोळा दिसतात," मी म्हणाले.

"सोळा दिसतात. तेरा आहेत."

पाणी वाहत राहिले.

"पट्टी बसवली त्याच दिवशी मी सांगितलं होतं," ते उठत म्हणाले. "तीननं खाली गेलीय म्हटलं. म्हणाले, कागदावर नोंद केलीय, पुढच्या खेपेला वर घेऊ. ती पुढची खेप काही आली नाही. मग मी काय करायचं? काल दहा लिहिले, आज तेरा लिहू? वर बसणाऱ्याला वाटायचं पाणी चढलं. मावशींची रेघ मोडली असती."

"शेरा लिहायचा होता."

"कुठं?" त्यांनी वही माझ्यापुढे धरली. तारीख, वेळ, उंची, सही. चार रकाने, कडेपर्यंत भरलेले. "शेऱ्याला रकाना दाखव."

मी वही हलकेच त्यांच्याकडे सारली.

"गणित तुमचं बरोबर आहे. पण ते तुमच्या डोक्यात झालं, आणि तुमचं डोकं वहीला शिवलेलं नाही. काल मी तेच गणित दुसऱ्यांदा केलं. सगळ्यांसमोर."

"बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी गोणपाट उचलले, झटकले, पुन्हा तशीच घडी घातली. "निवृत्तीला चार महिने राहिलेत माझ्या. जे दिसतं तेच लिहायचं, हा नियम मी मोडलाय, सहा वर्षं, दिवसातून दोनदा. एक आकडा मनातला निघाला की तीसची तीस वर्षं मनातली ठरतात. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी."

"मूठ झाकलेली राहिली तर उद्या सही होईल. दोन मीटर पाणी चढेल. आणि पाझर आत्ताच दुप्पट आहे."

त्यांनी वही काखेत घेतली.

"अकरा वाजता मी साहेबांकडे जातेय. नवा स्तंभ मांडणार आहे. त्याच्याखाली वाक्य छापून येईल, आणि त्या वाक्यात कोणी वजा केले ते लिहावं लागतं. ती जागा मी कोरी सोडणार नाही. माझं नाव असतं तरी सोडली नसती."

"कळलं," बाबा म्हणाले. मला वाटले होते ते रागावतील. त्यांनी फक्त पायऱ्यांकडे हात केला. "जपून चढ. सत्तरावी पायरी निसटती आहे."

*

अकरा वाजता मी साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा बाबा आधीच तिथे होते. आणि खुर्चीवर बसले होते. ते खुर्चीवर बसलेले पाहून साहेबांनाच उठून उभे राहावेसे वाटत असावे. ते टेबलाच्या कडेला अवघडून टेकले होते.

"सोळा दिसतात, साहेब," बाबा सांगत होते. "तेरा लिहितो. पट्टी बसली त्या सकाळपासून."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"काल दुपारी शंका आली. आज सकाळी पाहिलं." मी लॅपटॉप उघडून फरकाचा स्तंभ दाखवला: एकोणीस दिवस शून्य, एका सकाळी वजा तीन. "ही पायरी पाझराची नाही, सर. आधीच वजा केलेल्यातून मी पुन्हा वजा केलं, त्याची आहे. माझा नियम काढला की रेषा काल सुरुवातीला होती तशी होते. दुप्पट."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले, पण लावले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काय उतरत गेले ते मला दिसत होते. पायरी पुसली, तर त्यांच्या ग्राउटिंगने काहीच घटवले नव्हते.

"डोक्यातलं गणित," ते म्हणाले, "एकदा चुकतं, एकदा बरोबर येतं. मी त्यावर धरण कसं तोलू? आज सोळातून तीनच वजा करायचे, हे तरी कशावरून?"

"कशावरूनच नको," मी म्हणाले. "पट्टी नको, वही नको, रेघाड्याही नको. पिंप घेऊ."

गोदामातून शंभर लिटरचे निळे पिंप काढले. ते पायऱ्यांवरून उतरवताना मावशीही निघाल्या. बारा वर्षांत त्या खाली आल्या नव्हत्या. "रेघ ओढली त्या पाण्याचं तोंड तरी बघू," म्हणाल्या. खाचेखालच्या खड्ड्यात पिंप उभे केले, पत्र्याची पन्हळ लावली. पन्हळ बाबांनी धरली. इतकी स्थिर की ती भिंतीतूनच उगवल्यासारखी दिसत होती. घड्याळ साहेबांनी स्वतः हातात घेतले.

"पाझर पूर्वीइतकाच असेल तर पिंप भरायला तेवीस सेकंद लागतील," मी सांगितले. "दुप्पट असेल तर बारा."

साहेबांनी मान हलवली आणि बटण दाबले. पाणी पिंपात कोसळू लागले. बाबांचे ओठ हलत होते. ते मनात मोजत होते. त्यांना राहवत नाही.

"बास," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिले. "बारा."

आम्ही पिंप आडवे केले, पुन्हा उभे केले. दुसऱ्यांदा बारा. तिसऱ्यांदा बाराला थोडे कमी. चौथ्यांदा करू या असे कोणी म्हणाले नाही. पाणी आमच्या बुटांभोवती फिरून आपल्या वाटेने निघून गेले.

वर आल्यावर साहेबांनी उद्याचा कागद आजच ओढला. 'जलाशय भरू नये. पाझराचे कारण सापडेपर्यंत पातळी आहे तिथेच ठेवावी. पायाची नव्याने तपासणी करावी.' सही केली. अक्षर नेहमीसारखे नव्हते. जरा खाली घसरलेले.

"रेषेखालच्या त्या वाक्यात तेही घाला," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "ग्राउटिंगनंतर घट नाही. माझं नाव लिहा. तुमच्या त्या जागा कोऱ्या ठेवायच्या नसतात ना?"

"नसतात, सर."

"आणि काका," त्यांचा आवाज मऊ झाला, "नियम मोडलात, पण आकडा खरा लिहिलात. तो विषय माझ्याकडून संपला."

बाबांनी मान लववली. एवढे सोपे जाईल असे त्यांना वाटले नव्हते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होते.

*

संध्याकाळी पावणेपाचला मी धरणाच्या माथ्यावर उभी होते. एका बाजूला भरत आलेले पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि खाली दूरवर आमच्या घराचे छप्पर. लॅपटॉप मी सोबत आणला होता. नवा स्तंभ तयार होता, खाली वाक्यही होते: 'नव्या पट्टीच्या तारखेपासून तीन सेंटिमीटर वजा, वाचकाने, वहीत लिहिण्यापूर्वी.' शेवटी बाबांचे पूर्ण नाव. ते नाव टाइप करताना माझी बोटे दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा मी ती पुन्हा चालवली.

वाक्य पुरे झाले होते, पण काम झाले नव्हते. पाझर दुप्पट झाला, असे आम्ही उद्या वरच्या कार्यालयाला लिहिणार. कशाच्या दुप्पट? सव्वाचारच्या. आणि ते सव्वाचार आले होते आधीच्या चोवीस वर्षांच्या आकड्यांतून, त्याच वहीतून, त्याच सुईसारख्या टोकातून. जुनी पट्टी त्या काळात दोनदा नव्याने रंगवली गेली होती. ते मला मावशींनी सांगितले, दुपारी, चहा ढवळत, मला नको असताना. रंगवताना पट्टी काढावी लागते. काढलेली पट्टी पुन्हा बसवावी लागते. तपासणीला येणारे लोक हे पहिल्या तासात विचारतील. साहेबांच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या कुलूपबंद स्तंभाच्या दृष्टीने तो तिथून सुरू होत होता.

बाबा वही काखेत घेऊन आले. पाचच्या वाचनाला निघाले होते. सकाळपेक्षा हलके चालत होते. त्यांनी वही माझ्यापुढे उघडली: सहीच्या उजवीकडे, अगदी कडेला, त्यांनी पट्टी लावून एक पाचवा रकाना आखला होता. बारीक, जेमतेम दोन अंकांचा. वर लिहिले होते: वजा.

"जमला का?" ते म्हणाले. "जागा कमीच होती."

"जमला."

"तुझ्या रेघाड्याला कळेल ना?"

"कळेल."

ते हसले. त्या क्षणी गप्प राहणे सोपे होते. वारा होता, पाणी होते, वडील हसत होते. एवढ्यावर कुणीही थांबले असते.

"बाबा," मी म्हणाले. धरणावर मी त्यांना या नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती, आणि ते दोघांनाही ऐकू गेले. "जुनी पट्टी दोनदा रंगवली. काढून पुन्हा बसवली. तेव्हाही ती कुठे वर, कुठे खाली बसली होती का? तेव्हाही तुम्ही मनात काही वजा केलंत? मिळवलंत? मला ते विचारावंच लागणार, बाबा. उद्या दुसऱ्या कोणी विचारायच्या आधी. त्या चोवीस वर्षांत किती आकडे दिसलेले आहेत आणि किती मनातले?"

त्यांनी वही मिटली. पाचवा रकाना आत गेला. मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांनी पाहिले. ते घड्याळ बरोबर होते की पुढे, मला ठाऊक नाही. मग खिशातली पेन्सिल चाचपून पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि वळून पायऱ्यांच्या दिशेने चालू लागले.